ऊस-कांद्याच्या गाडीवरचे चालक: झोप, साखर, पाठ आणि फडावरचा मुक्काम

ऊस, कांदा, द्राक्षे, केळी, टोमॅटो, दूध. गावातून निघणारा हा माल कोणीतरी रात्रभर गाडी चालवून कारखान्यावर किंवा बाजार समितीत पोहोचवत असते. ते काम तुम्ही करत असाल, किंवा तुमचे पती, वडील, मुलगा करत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांच्या आजारांबद्दल बरेच लिहिले जाते. शेतमालाच्या गाडीवरचे काम त्याहून थोडे निराळे असते. इथे अंतर अनेकदा कमी असते, पण वेळेचा काही भरवसा नसतो. उसाची गाडी फडात भरायला दुपार होते, चाकोरीतून ती डांबरी रस्त्यावर यायला संध्याकाळ होते आणि कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. लासलगाव किंवा पिंपळगावहून निघालेला कांदा पहाटेच्या आत वाशीला पोहोचला पाहिजे, म्हणजे कसारा घाट रात्री उतरायचा. रावेर-यावलची केळी उत्तर भारतात जातात. माल नाशवंत, त्यामुळे वाटेत थांबणे परवडत नाही. पैसे खेपेवर मिळतात. सुट्टी घेतली की खेप जाते आणि गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून हे चालक दवाखान्यात येतात ते हंगाम संपल्यावर, किंवा मग उचलून आणावे लागते तेव्हा. पुढील माहिती ही मधली वेळ कशी साधावी याबद्दल आहे.

झोप: सगळ्यात आधी हाच प्रश्न

चालकाच्या तब्येतीबद्दल एकच प्रश्न विचारायची मुभा असेल, तर मी रक्तदाब किंवा साखर विचारणार नाही, "काल किती तास झोपलात?" असे विचारेन. प्रौढ माणसाला दिवसाकाठी ७ ते ८ तास झोप लागते. एखाद्या रात्री ती कमी पडली तर भरून काढता येते. हंगामभर ती ४-५ तासांवर राहिली, तर मेंदू दिवसेंदिवस मंदावत जातो आणि माणसाला ते स्वतःला जाणवत नाही. "मला सवय झाली आहे" हे वाक्य मी जवळपास प्रत्येक चालकाकडून ऐकतो. सवय होते ती झोप आल्याची जाणीव कमी होण्याची. ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ सवयीने कमी होत नाही.

सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका संथ प्रतिसाद देतो, असे अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभर दारू न पिता, सकाळी सहाला उठून फडावर गेलेला आणि रात्री अकराला भरलेली गाडी घेऊन निघालेला चालक प्यायलेल्या माणसासारखा गाडी चालवत असतो. पोलिसांच्या यंत्रात हे दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

डुलकी म्हणजे नेहमी डोळे मिटून मान टाकणेच असते असे नाही. उघड्या डोळ्यांनीही मेंदू तीन-चार सेकंद बंद पडू शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी चार सेकंदांत सुमारे ६५ मीटर जाते. तेवढ्यात समोर बिनदिव्याची ट्रॉली उभी असली तर काय होते, हे ऊस पट्ट्यातल्या लोकांना सांगायची गरज नाही. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, गाडी वारंवार साइडपट्टीवर उतरत असेल, गिअर चुकत असतील किंवा सारख्या जांभया येत असतील, तर ही डुलकी येऊन गेल्याची किंवा येऊ घातल्याची चिन्हे आहेत. रात्री दोन ते पहाटे पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळा शरीराच्या घड्याळानुसारच सुस्तीच्या असतात.

काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखूचा बार भरणे, मिरची चावणे हे सगळे उपाय पाच-दहा मिनिटे टिकतात. खरा उपयोग दोनच गोष्टींचा होतो. गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर लावून वीस मिनिटांची झोप घ्यावी. झोपण्याआधी कपभर कडक चहा किंवा कॉफी प्यायल्यास तिचा परिणाम उठेपर्यंत सुरू होतो. तासभर झोपलात तर उठल्यावर काही वेळ डोके जड राहते. अशा वेळी लगेच स्टेअरिंग हातात घेऊ नये, दहा-पंधरा मिनिटे चालावे आणि मग निघावे. अर्थात, वीस मिनिटांची डुलकी ही उसनवारी आहे. ती रात्रीच्या झोपेची जागा घेत नाही.

यार्डातल्या रांगेविषयी वेगळे सांगावे लागेल. अनेक मालक आणि काही चालकही समजतात की नंबरला उभे असलेले दहा-बारा तास म्हणजे विश्रांतीच. प्रत्यक्षात दर वीस-तीस मिनिटांनी गाडी पुढे घ्यावी लागते, मागून हॉर्न वाजतो, काट्यावर हाक येते. अशी तुकड्यातुकड्यांची झोप मेंदूच्या दृष्टीने झोपच नव्हे. शक्य असेल तिथे रांगेत मागे-पुढे असलेल्या परवानाधारक चालकांनी आपसांत पाळी लावावी: एकाने दोन गाड्या पुढे घ्यायच्या, दुसऱ्याने सलग तीन-चार तास झोपायचे. परवाना नसलेल्या क्लीनरच्या हातात गाडी देऊन झोपणे हा मात्र उपाय नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली होती. हंगामात किती गाड्यांवर ती पाळली गेली असेल, याचा अंदाज तुम्हालाच जास्त चांगला असेल.

घोरणे आणि दिवसा पेंगणे

काही चालक आठ तास झोपूनही दिवसभर पेंगतात. त्यांच्या घरच्यांना विचारले की उत्तर मिळते: "घोरतात तर इतके की शेजारच्या खोलीत झोपावे लागते. मध्येच आवाज थांबतो, श्वास अडकल्यासारखा होतो, मग दचकून पुन्हा सुरू." ही स्लीप ॲप्निया या आजाराची ठळक लक्षणे आहेत. झोपेत घशाचा मार्ग दबतो, रक्तातील ऑक्सिजन कमी होतो आणि मेंदूला रात्रभरात कित्येक वेळा अर्धवट जागे व्हावे लागते. वजन जास्त, मान जाड (पुरुषांमध्ये शर्टाची कॉलर १७ इंच किंवा अधिक), रक्तदाब औषधांनीही आटोक्यात नाही, सकाळी डोके दुखते: यांपैकी काही जुळत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे बायकोने सांगायचे दुखणे आहे, कारण रुग्णाला ते कधीच ऐकू येत नाही.

निदानासाठी रात्रभराची झोपेची तपासणी करतात. ती आता घरी यंत्र नेऊनही होते. वजन कमी करणे, रात्री दारू न घेणे आणि कुशीवर झोपणे याने सौम्य आजारात फरक पडतो. मध्यम किंवा तीव्र आजारात नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र लागते. गाडीत मुक्काम असणाऱ्यांनी यंत्र घेण्याआधी ते गाडीच्या बॅटरीवर चालण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे. उपचार सुरू झाल्यावर बहुतेकांचे दिवसा पेंगणे स्पष्टपणे कमी होते. निदान म्हणजे नोकरी गेली असे समजून लक्षणे लपवू नका.

मधुमेह असताना स्टेअरिंगवर

चालकांच्या बाबतीत मला वाढलेल्या साखरेइतकीच, किंबहुना जास्त, काळजी अचानक कमी होणाऱ्या साखरेची वाटते. वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंड आणि पाय हळूहळू खराब करते. कमी झालेली साखर पंधरा मिनिटांत गाडी खड्ड्यात घालते.

नेहमीचा प्रसंग असा. सकाळी गोळी घेतली, डबा फडावर जाऊन खायचा ठरला. गाडी चिखलात रुतली, ट्रॅक्टर आणून ओढावी लागली, भर उन्हात दोरखंड आवळले आणि जेवण राहून गेले. आता पोटात गोळी आहे, अन्न नाही आणि अंगमेहनत झाली आहे. हाताला कंप सुटतो, घाम फुटतो, छातीत धडधडते, भूक लागते, चिडचिड होते. त्याकडे दुर्लक्ष झाले तर नजर धूसर होते, बोलणे अडखळते, माणूस गोंधळतो. लोकांना वाटते प्यायलेला आहे.

हा धोका सर्व औषधांत सारखा नसतो. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गटातील गोळ्यांनी साखर कमी होऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने किंवा सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांसारख्या गोळ्यांनी, त्या एकट्या घेतल्यास, असे क्वचितच होते. म्हणून डॉक्टरांना "मी ड्रायव्हर आहे, जेवणाची वेळ नक्की नसते" हे पहिल्याच भेटीत सांगा. त्यावरून औषधाची निवड बदलू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांचे फायदे चांगले आहेत, पण लघवी जास्त होते, उन्हात अंगातील पाणी कमी पडू शकते आणि स्वच्छतेची सोय नसल्यास जननेंद्रियाला खाज व बुरशीचा त्रास होतो. पाणी आणि स्वच्छतागृह दोन्हींची मारामार असलेल्या कामात हे आधी बोलून घ्यावे. कोणतीही गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

इन्सुलिन किंवा वरच्या गटातील गोळी घेत असाल तर ग्लुकोमीटर गाडीत असू द्या. निघण्याआधी आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी साखर तपासावी. ती ९० मिग्रॅच्या खाली असेल तर आधी खाऊन घ्या. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र नसताना लक्षणे जाणवली तर गाडी बाजूला लावून इंजिन बंद करा आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच घ्या. बरे वाटल्यावर बिस्किटे, पोळी किंवा केळे असे काहीतरी खा. साखर ९० च्या वर आल्यावरही मेंदू पूर्ण ताळ्यावर यायला वेळ लागतो, त्यामुळे त्यानंतर पाऊण तास तरी गाडी चालवू नका. मागे हौद्यात टनावारी ऊस आणि खिशात चमचाभर साखर नाही, अशी अवस्था मी पाहिली आहे. ग्लुकोजचा पुडा टूलबॉक्समध्ये नको, हाताशी हवा. क्लीनरला हेही शिकवून ठेवा की चालक बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचे नाही. त्याला कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन करायचा.

इन्सुलिनची बाटली किंवा पेन डॅशबोर्डवर ठेवू नये. उन्हात उभ्या केबिनमध्ये तापमान सहज इतके वाढते की औषधाचा जोर निघून जातो. ओल्या कापडात गुंडाळलेले छोटे मडके किंवा थर्मासची पिशवी चालते. बर्फाला थेट टेकवून ठेवू नका; गोठलेले इन्सुलिनही वाया जाते.

रक्तदाब आणि छातीतले "गॅस"

उच्च रक्तदाब बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही. वारंवार मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त भरत असेल तर उपचार लागतात. चालकांमध्ये एक गोष्ट हमखास आढळते: गोळीने लघवीला जास्त लागते म्हणून ती गाडीवर असताना टाळायची. ही तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचली तर पर्याय देता येतो. गोळी गुपचूप बंद केली तर पक्षाघाताचा किंवा हृदयविकाराचा धोका तसाच उरतो.

छातीत मध्यभागी दाब, आवळल्यासारखे वाटणे, ते जबड्याकडे किंवा हाताकडे जाणे, थंड घाम, दम लागणे ही चिन्हे दिसली तर ती गॅसची समजून सोडा पिऊन गाडी पुढे नेऊ नका. गाडी थांबवा, १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि पोटात रक्तस्राव झालेला नसेल, तर ३०० मिग्रॅची ॲस्पिरिन चावून घेता येते. मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. नुसता घाम आणि अचानक आलेला गळाठाही पुरेसा इशारा आहे.

पाठ, पाणी आणि लघवी

शेतरस्त्यावरच्या हादऱ्यांनी कण्यातील चकत्यांवर सतत मार बसतो. त्यात तासन् तास बसणे आणि मग एकदम उतरून दोर आवळणे किंवा पोते उचलणे. बराच वेळ बसल्यानंतर लगेच वजन उचलू नये, पाच मिनिटे चालून कंबर सैल करावी. सीट इतकी पुढे घ्यावी की क्लच पूर्ण दाबताना पाठ सीटला टेकलेली राहील. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवल्यास बऱ्याच जणांना आराम पडतो. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून बसण्याची सवय मोडावी. एका पायात येणाऱ्या मुंग्यांचे कारण काही वेळा तेच निघते.

पाठदुखीत काही लक्षणे मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची आहेत. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बैठकीच्या जागी बधिरपणा, पायाची ताकद कमी होणे. अशा वेळी मज्जातंतू दाबले गेलेले असतात आणि उशीर झाल्यास नुकसान कायमचे राहू शकते.

मूतखडा हा या व्यवसायाचा जुना सोबती आहे. पाणी कमी प्यायचे, कारण थांबायला जागा नाही. आणि लघवी रोखून धरायची, कारण रांग सोडता येत नाही. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी हवे. ती गर्द पिवळी दिसली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. उन्हाळ्यात माल भरताना घाम फार आला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्यावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी हे नेहमीचे पेय करू नये. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, तोल जातो आहे अशी स्थिती म्हणजे उष्माघात. त्या माणसाला सावलीत घ्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालयात हलवा.

एकाच पोटरीला सूज व दुखणे, विशेषतः लांब प्रवासानंतर, हे शिरेत रक्ताची गाठ झाल्याचे लक्षण असू शकते. ती पोटरी चोळू नका, लगेच दाखवा.

फडावर आणि यार्डात झोपताना

हा धोका शहरातल्या लेखांत सापडत नाही. ऊस तुटत आला की फडातले उंदीर बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे साप येतात. गाडीखाली सावली असते, म्हणून चालक आणि तोडणी कामगार तिथेच घोंगडी टाकून पडतात. मण्यार हा रात्री फिरणारा साप आहे आणि तो जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. चावल्याची खूण अनेकदा दिसतही नाही आणि वेदना जवळजवळ होत नाहीत. माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो. मग पापण्या जड होतात, दोन-दोन दिसते, गिळता येत नाही, आवाज बदलतो आणि पुढे श्वास थांबतो. रात्री जमिनीवर झोपलेल्या कोणाच्याही पापण्या सकाळी उघडेनाशा झाल्या, तर साप दिसला नसला तरी सर्पदंशाचीच शंका धरावी.

अशा वेळी दोरी घट्ट आवळणे, जखम कापणे, विष चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत जाणारी वेळच जीवघेणी ठरते. हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, चालायला लावू नका. जिथे प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे अशा ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात १०८ च्या गाडीने न्या. सरकारी रुग्णालयात प्रतिविष मोफत मिळते. साप मारून किंवा पकडून आणण्याची गरज नाही. टाळण्यासाठी केबिनमध्ये किंवा खाटेवर झोपा. जमिनीवरच झोपणे भाग असेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. रात्री उतरताना बॅटरी आणि पायात बूट हवेत, आणि बूट झटकून घालावेत.

केबिनमध्ये झोपतानाही एक पथ्य आहे. काचा बंद करून आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका, आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखणे, मळमळ आणि मग झोपेतच बेशुद्धी. धुरी दिलेल्या धान्याच्या बंद गाडीत, मालावर, कोणीही झोपू नये. त्या गोळ्यांतून निघणारा वायू अतिशय विषारी असतो.

उंच रचलेला ऊस किंवा कडबा शेतातल्या विजेच्या तारेला लागला तर केबिनमध्येच बसून राहा, दुसऱ्यांना दूर ठेवा आणि वीज बंद करायला फोन करा. गाडीला आग लागली तरच बाहेर उडी मारा, दोन्ही पाय जुळवून, आणि गाडी व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न होईल अशी. मग पाय न उचलता घसटत दूर जा.

तंबाखू, वेदनाशामके आणि "जागे राहायच्या" गोळ्या

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती यार्डाबाहेरच्या टपरीपर्यंत किती पोहोचली हे सर्वांना माहीत आहे. तंबाखू-चुना, मावा, गुटखा यांनी झोप उडाल्यासारखे वाटते, म्हणून तो चालकांना कामाचाच भाग वाटतो. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल (स्वतःची तीन बोटे उभी आत जात नसतील), तिखट लागले की आग होत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत मदत मिळते.

पाठदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्यास पोटात व्रण होतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे खराब होतात. पाणी कमी पिणाऱ्यांत हे अधिक लवकर होते. सर्दीच्या बहुतेक गोळ्या आणि काही खोकल्याची औषधे झोप आणतात. गाडीवर जायचे असेल तर घेताना विचारा. झोप येऊ नये म्हणून कोणी न लिहून दिलेली गोळी देत असेल तर घेऊ नका. तिचा जोर उतरतो तेव्हा झोप एकदम कोसळते, आणि ती वेळ बहुधा पहाटेची असते.

न बोलले जाणारे आजार

घरापासून दूर असुरक्षित संबंध आला असेल तर एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ब यांची तपासणी करून घ्या. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत व गोपनीय असते, आणि एआरटीची औषधेही मोफत मिळतात. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता माहिती घेता येते. नियमित उपचारांवर असलेला माणूस पूर्ण आयुष्य जगतो आणि गाडीही चालवतो. पत्नीनेही तपासणी करणे यात आरोप नाही, तिच्या उपचाराची सोय आहे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे असे असेल तर थुंकी तपासा. क्षयरोगाचे औषध मोफत आहे. तुमची नोंद निक्षय प्रणालीत असल्याने हंगामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेलात तरी तिथल्या केंद्रातून औषध सुरू ठेवता येते. फक्त निघण्याआधी सांगावे लागते. पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात येतात.

प्रमाणपत्र आणि खरी तपासणी

व्यावसायिक परवान्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. काही ठिकाणी ते रुग्णाकडे मान वर करून न बघता मिळते, हे खेदाने मान्य करावे लागेल. तुम्ही मात्र त्या दिवसाचा उपयोग करून घ्या. दूरची नजर, रात्रीची नजर आणि मधुमेह असेल तर बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी. समोरून येणारा दिवा पूर्वीपेक्षा जास्त चमकतो, फाकतो असे वाटत असेल तर मोतीबिंदू असू शकतो, आणि त्यावर शस्त्रक्रियेने चांगला इलाज होतो. मिरगी किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास असेल तर तो लपवू नये. इथे चालकाला जड गाडीऐवजी दुसरे काम शोधावे लागू शकते, आणि ते ऐकणे कुटुंबाला कठीण जाते. म्हणून अशा भेटीला घरच्या एका माणसाने सोबत यावे.

सर्वसाधारणपणे दसऱ्याच्या सुमारास, गळीत हंगाम सुरू होण्याआधी, ही भेट ठेवावी: रक्तदाब, वजन, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, क्रिएटिनिन, लघवी, तोंड आणि डोळे. तिशीनंतरच्या व्यक्तींची रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोफत होते. औषधे दोन ते तीन महिन्यांची एकदम लिहून घ्या. जन औषधी दुकानात ती बरीच स्वस्त पडतात. चिठ्ठीचा फोटो चालकाच्या, क्लीनरच्या आणि घरच्या अशा तीन मोबाइलमध्ये असू द्या, म्हणजे परगावी गोळ्या संपल्या तर "ती पांढरी गोल गोळी" एवढ्यावर मेडिकलवाल्याला अंदाज करावा लागणार नाही. दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळ्या मिळतात का, हे डॉक्टरांना विचारा. ज्याचे जेवण कधी दुपारी चारला तर कधी रात्री बाराला होते, त्याला "सकाळ-दुपार-संध्याकाळ" पाळणे अवघड जाते. त्याऐवजी डिझेल भरताना, किंवा दिवसाचा पहिला चहा घेताना, अशा ठरलेल्या कामाशी गोळी बांधून दिली तर ती चुकत नाही.